भर पावसात वाहतूक सांभाळताना: गाडी थांबणार नाही, असं धरूनच उभं राहा

वारीच्या वाटेवर दिंडीच्या कडेनं चालणारे स्वयंसेवक, विसर्जनाच्या दिवशी चौकात उभे असणारे मंडळाचे कार्यकर्ते, शाळा सुटताना फाटकाबाहेर थांबणारे पालक, सोसायटीच्या तोंडाशी गाड्या आत-बाहेर काढणारे वॉचमन, खड्डे बुजवणाऱ्या गँगमधला लाल झेंडेवाला, आणि ट्रॅफिक वॉर्डन तर आहेतच. पावसाळ्यात रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवणारे आपल्याकडे फक्त पोलीस नसतात. यातल्या बहुतेकांना कामाआधी मिळतं ते एक जाकीट, एक शिट्टी आणि "तू त्या कोपऱ्यावर थांब" एवढी सूचना.

कोरड्या दिवसात तेवढ्यावर निभावतं. पावसात निभावत नाही. हात वर करून गाडी थांबवण्याचा सगळा कारभार दोन गोष्टींवर चालतो: ड्रायव्हरला तुम्ही दिसता आणि त्याची गाडी वेळेत थांबते. पावसात दोन्हींचा भरवसा जातो. म्हणून पुढचं सगळं एकाच हिशेबानं लिहिलं आहे. समोरची गाडी थांबणार नाही असं धरायचं, आणि ती थांबली नाही तरी आपल्याला काही होणार नाही अशी तजवीज आधी करायची.

रस्त्यावर उतरायचंच का, हे आधी ठरवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 119 प्रमाणे वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळणं चालकावर बंधनकारक आहे. तुमच्या-माझ्या हाताला ते वजन नाही. मंडळाचं, दिंडीचं किंवा सोसायटीचं काम असेल तर स्वयंसेवकांची नावं आणि जागा आधीच पोलीस ठाण्याला द्या. शक्य असेल तर प्रत्येक चौकात एक पोलीस आणि त्याच्या हाताखाली तुमची माणसं, अशी रचना मागून घ्या. वाद घालणारा दुचाकीवाला भेटणारच. त्याला अडवत बसणं हे आपलं काम नाही, सोडून द्यायचं.

अचानक झाड पडलं, ट्रक आडवा झाला, पुलावर पाणी आलं, तर मात्र परवानगीची वाट बघता येत नाही. अशा वेळी आधी 112 ला फोन करा (राष्ट्रीय महामार्गावर 1033, मुंबईत पालिकेचा आपत्ती कक्ष 1916), मगच रस्त्याकडे वळा. काम फक्त सावध करण्याचं: पुढे धोका आहे, हळू व्हा, थांबा. पोलीस आले की जागा त्यांच्या हवाली करून बाजूला व्हायचं.

अंतर पावलांनी मोजा

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांत रस्ता आखताना गाडी थांबायला लागणारं अंतर धरलेलं असतं: ताशी 40 किलोमीटर वेगाला सुमारे 45 मीटर, 60 ला 80 मीटर, 80 ला 120 मीटर. यात ड्रायव्हरचं बघणं, समजणं आणि ब्रेकवर पाय जाणं यासाठी अडीच सेकंद धरलेले आहेत. ताशी 60 च्या वेगानं तेवढ्या वेळात गाडी चाळीसेक मीटर पुढे गेलेली असते, तीही ब्रेक न लागता. गुळगुळीत टायर, चिखल, उतार, ओव्हरलोड डंपर, मोबाईलमध्ये डोकं घातलेला ड्रायव्हर हे सगळं आणखी वर.

ही आकडेवारी रस्त्यावर उतरवायची ती पावलांनी. मोठ्या माणसाचं चालतं पाऊल पाऊण मीटर धरलं तर 45 मीटर म्हणजे साठ पावलं, 80 मीटर म्हणजे एकशे सात. अडथळ्यापासून उलट्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून तेवढं चाला आणि पहिली खूण तिथं ठेवा. शहरातल्या रस्त्यावर साठ पावलं, हायवेवर किमान एकशे साठ. वळण किंवा चढाचा माथा मध्ये येत असेल तर पावलं मोजू नका, सरळ त्या वळणाच्या अलीकडे जा. वळून आल्यावर दिसणाऱ्या खुणेचा काही उपयोग नाही.

पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस विशेष वाईट. आठ महिने रस्त्यावर सांडलेलं ऑईल आणि धूळ यांचा पातळ चिकट थर होतो आणि तो धुऊन जायला एखादी चांगली सर लागते. त्यामुळे धो-धो पावसापेक्षा भुरभुर पडणाऱ्या पहिल्या पंधरा मिनिटांत दुचाक्या जास्त घसरतात. पुढे पावसाळाभर घसरण्याच्या जागा ठरलेल्या: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या खोदकामावर टाकलेल्या पोलादी प्लेटा. यांच्यावर किंवा यांच्या अगदी अलीकडे कुणालाही थांबायला लावू नका. आणि तुम्हीही त्यांच्या पलीकडे उभे राहू नका, कारण घसरलेली गाडी सरळ तिकडेच येते.

अंगावर काय हवं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: आत चमकदार जाकीट आणि वर काळा किंवा निळा रेनकोट. मग ते जाकीट कुणासाठी घातलं? जाकीट नेहमी रेनकोटच्या वर. त्यासाठी ते दोन मापं मोठं घ्या आणि पुढची चेन किंवा पट्टा बंद ठेवा. उघडं जाकीट वाऱ्यानं मागे उडतं आणि समोरून नुसता काळा रेनकोट दिसतो.

जाकिटाचे दोन भाग दोन वेगळी कामं करतात. पोपटी किंवा नारिंगी कापड दिवसा काम करतं, ढगाळ उजेडात आणि कातरवेळी तर ते उठून दिसतं. रात्री सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली त्याचा काही पाड लागत नाही. रात्री काम करते ती चंदेरी पट्टी, आणि तीही गाडीच्या हेडलाईटचा झोत तिच्यावर पडला तरच. चिखलाचे शिंतोडे बसले की पट्टी आंधळी होते, म्हणून खिशात एक फडकं ठेवा आणि दर थोड्या वेळानं पुसा. मनगटांवरही पट्ट्या लावा. ड्रायव्हरची नजर स्थिर ठिपक्यापेक्षा हलणाऱ्या हाताकडे आधी जाते.

छत्री नको. एक हात अडकतो, निम्मा रस्ता झाकला जातो आणि वाऱ्यात ती उलटली की तुमचं लक्ष गाड्यांवरून छत्रीवर जातं. रेनकोटची टोपीही फसवी. मान वळते, टोपी वळत नाही, आणि बाजूनं येणारी बाईक दिसतच नाही. पुढे छज्जा असलेली क्रिकेटची टोपी घालून त्यावर रेनकोटची टोपी घट्ट बांधा, म्हणजे ती डोक्याबरोबर फिरते. कान मात्र शक्य तेवढे मोकळे ठेवा. मागून येणाऱ्या गाडीचा टायरचा आवाजच आधी कळतो.

पायात चप्पल तर अजिबात नको. नुसता रस्ता ओला असेल तर खाचा असलेल्या तळव्याचे गमबूट चांगले. पण पाणी गमबुटाच्या काठावरून आत शिरण्याइतकं असेल तर तेच बूट भरून जड होतात आणि पळता येत नाही. अशा ठिकाणी पाणी निथळणारे, नाडीनं घट्ट बांधलेले बूट बरे. शिट्टी प्लास्टिकची, आत गोळी नसलेली घ्या, गोळीवाली भिजली की अडकते. रात्री हातात लाल एलईडी बॅटन हवा. मोबाईलचा टॉर्च ड्रायव्हरच्या डोळ्यांत मारणं म्हणजे ज्याला थांबवायचं त्यालाच आंधळं करणं.

उभं राहण्याची जागा

चौकाच्या मधोमध उभं राहणं सिनेमात शोभतं. पावसात कडेला उभं राहा, रस्त्याच्या खांद्यावर किंवा फुटपाथच्या काठाला. पण पाठीशी काय आहे ते आधी बघा. मागे भिंत, रेलिंग, उघडं गटार किंवा उभी बस असेल तर ती जागा बाद. उभं राहण्यापूर्वी पळायची वाट ठरवा आणि दोन पावलं टाकून प्रत्यक्ष करून बघा. शेवाळं कुठं आहे हे तेव्हाच कळतं.

दोन गाड्यांच्या मध्ये कधी उभं राहू नका, दोन्ही बंद असल्या तरी. मागून तिसरी येऊन आदळली तर मधल्या माणसाला जागा उरत नाही. थांबवलेल्या ट्रकच्या किंवा एसटीच्या नाकाला चिकटूनही नको. उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला बंपरजवळचा माणूस दिसत नाही, आणि पावसात काचेचा खालचा भाग वाफेनं धुरकटलेला असतो. त्याच्या खिडकीच्या किंचित पुढे, बाजूला उभे राहा, जिथून तुम्हाला त्याचा चेहरा दिसतो.

रात्री स्वतःच्या मागे दिवे लावून उभी असलेली गाडी ठेवू नका. तिच्या झोतात तुम्ही समोरच्याला नुसती काळी सावली दिसता, तीही दिसली तर. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात उभे राहा. तो दिवा बंद असेल तर दोन खांब पुढे सरका, पण उजेडात राहा.

ट्रॅफिक कोन ठेवायचे तर एका रांगेत आडवे टाकू नका. कडेपासून सुरू करून तिरके, हळूहळू आत येत जाणारे लावा, म्हणजे गाडी आपोआप बाजूच्या लेनमध्ये सरकते. वाऱ्यानं आणि पाण्याच्या लोटानं कोन वाहून जातात, म्हणून तळाला वाळूची पिशवी. खड्ड्यात झाडाची फांदी खोचण्याची आपली जुनी पद्धत दिवसा वाईट नाही. रात्री मात्र ती ओली फांदी कुणालाच दिसत नाही, तिला एखादी चमकती पट्टी गुंडाळा. ट्रकवाले बंद गाडीभोवती दगड मांडतात, ते मात्र तुम्ही करू नका. गाडी जाते, दगड राहतात आणि रात्री कुणीतरी त्यावर पडतं.

एक गाडी कशी थांबवायची

यात घाई झाली की घोळ होतो, म्हणून सावकाश सांगतो.

आधी मोकळी जागा शोधा. ओघ चालू असताना सगळ्यात जवळ आलेल्या गाडीला हात करू नका. तिला जाऊ द्या, पुढचीही जाऊ द्या, आणि जिच्या पुढे किमान साठ पावलांचं अंतर मोकळं आहे ती निवडा. शक्य असेल तर ती कार किंवा रिक्षा असू द्या. दुचाकीवाल्याला अचानक थांबवलं की तो घाबरून पुढचा ब्रेक दाबतो आणि गाडी आडवी होते. त्याच्या हेल्मेटच्या काचेवर थेंब असतात आणि समोरच्या प्रत्येक दिव्याचे त्याला दहा दिसतात.

मग त्या एकाच ड्रायव्हरकडे बघा. आधी "हळू"चा इशारा: हात आडवा, पंजा जमिनीकडे, सावकाश खाली-वर. तो हळू होतोय असं दिसलं की मग "थांबा": हात पूर्ण ताठ, पंजा त्याच्याकडे. त्याच वेळी एक लांब शिट्टी. तोकड्या, अर्धवट वाकलेल्या हाताचा अर्थ पावसातून कुणाला लागत नाही. कुणी तरी टॅक्सीला हात करतंय असं वाटतं.

आता गाडीचं नाक बघा. ब्रेक लागला की पुढचा भाग किंचित खाली दबतो. नाक दबलं म्हणजे ड्रायव्हरनं मनावर घेतलं. नाक दबत नाही आणि अंतर निम्म्यावर आलं, की हात खाली, आणि ठरवलेल्या वाटेनं बाजूला. शिट्टी फुंकत तिथंच उभं राहणारा माणूस शूर वाटत असेल, पण गाडीला शिट्टी ऐकू येत नाही. नाक दबलं तरी चाकं पूर्ण थांबेपर्यंत हात खाली घेऊ नका, आणि हात वर असतानाच मागून येणारी दुसरी गाडी थांबतेय का ते बघा. टक्कर बहुतेकदा तिथं होते, तुम्ही ज्याला थांबवलं त्याच्या पाठीत.

एका वेळी एकच बाजू. ही बाजू पूर्ण उभी राहिली, मगच दुसऱ्या बाजूकडे वळायचं, आणि वळताना पाठ चालत्या गाड्यांकडे जाऊ द्यायची नाही. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंची चाकं थांबलेली तुम्ही स्वतः बघितल्यावरच "चला" म्हणा. थांबलेल्या गाडीच्या डाव्या बाजूनं घुसणारी एक तरी बाईक असतेच, तिच्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा.

उड्डाणपुलाखाली पाऊस आला की दुचाकीवाले रेनकोट घालायला थेट लेनमध्येच थांबतात, हे मुंबई-पुण्यात रोजचं दृश्य आहे. त्यांना हुसकावत बसण्यापेक्षा त्यांच्या अलीकडे उभं राहून मागच्यांना हळू करा, आणि थांबलेल्यांना एकेक करून कडेला घ्या.

एकच लेन उरली असेल तेव्हा

दोन टोकांना दोन माणसं लागतात आणि दोघं एकमेकांना दिसायला हवीत. दिसत नसतील तर मध्ये तिसरा. फोनवर "सोडतोय" एवढं म्हणून भागत नाही, कारण "सोडल्या" आणि "सोडू का" यात पावसाच्या आवाजात फरक कळत नाही. शेवटच्या गाडीचा रंग आणि नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा, आणि समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचे. ती गाडी त्याच्या नजरेसमोरून गेली की त्यानं कळवायचं, मगच त्याच्या बाजूच्या गाड्या सुटतील. फोन चालत नसेल तर जुनी युक्ती: शेवटच्या ड्रायव्हरच्या हातात लाल फडकं द्यायचं, ते पलीकडे पोचलं की रस्ता मोकळा.

घाटात हेच काम जास्त जपून. चढणाऱ्या गाडीला आधी वाट हा नियम पावसात तर काटेकोर पाळा. भरलेला ट्रक ओल्या चढावर थांबला की पुन्हा उचलताना चाकं जागीच फिरतात, नाहीतर तो मागे येतो. उतरणाऱ्या जड गाडीला ऐनवेळी हात करू नका, तिला वरच, सपाट जागा असेल तिथं थांबवून ठेवा. दरडीच्या पायथ्याला उभं राहायचं नाही. वरून खडे घरंगळू लागले किंवा एरवी नितळ असणारं पाणी अचानक गढूळ यायला लागलं, तर वाहतूक जिथल्या तिथं सोडून दोन्ही बाजूंना मागे व्हा.

पाणी भरलं असेल तर

पाण्यात उभं राहून गाड्या वळवू नका. पाणी जिथं सुरू होतं त्याच्या अलीकडे, शेवटच्या फाट्यावर उभे राहा, म्हणजे ड्रायव्हरला वळायला दुसरा रस्ता असतो. वाहत्या पाण्याची ताकद फसवी असते: अवघं पंधरा सेंटिमीटर खोल पण जोराचं पाणी माणसाचे पाय उचलू शकतं, तीस सेंटिमीटरला लहान गाडी तरंगायला लागते आणि साठला बहुतेक गाड्या वाहून जातात.

मॅनहोलचं झाकण स्वतः उघडू नका, "पाणी लवकर ओसरेल" असं दहा जणांनी सांगितलं तरी. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एल्फिन्स्टन रोड भागात एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. पाण्यातून जाणं भागच असेल तर हातात लांब काठी, प्रत्येक पावलाआधी चाचपणी, आणि पाय न उचलता घासत चालणं. पाऊस सुरू होण्याआधी आपल्या चौकातली झाकणं कुठं आहेत ते कोरड्या दिवशी बघून ठेवलेलं बरं.

पुलावरून पाणी जात असेल किंवा पुलाबद्दल शंका असेल तर हात दाखवून भागणार नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. अशा वेळी एखादी मोठी गाडी रस्त्यावर आडवी लावा, चारही इंडिकेटर चालू, आणि माणसं गाडीत किंवा गाडीपुढे न ठेवता कडेला उंचावर. दुसऱ्या तीरावर कुणाला तरी फोन करून तीच व्यवस्था लगेच करायला सांगा. हे विसरलं जातं.

वीज, झाड, होर्डिंग

साचलेल्या पाण्यातला दिव्याचा खांब, डीपी, ट्रान्सफॉर्मर, सिग्नलची पेटी यांना टेकायचं नाही, हात लावायचा नाही. तुटलेली तार दिसली तर ती चालू आहे असंच धरा, किमान दहा मीटर लांब राहा आणि महावितरणच्या 1912 वर कळवा. मुंबई शहरात वीज कंपनी वेगळी असेल, तिचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. पाण्यात पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पळू नका, दोन्ही पाय जवळ ठेवून छोट्या घसरत्या पावलांनी आल्या वाटेनं मागे या.

ढग गडगडलेले ऐकू आले म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. विदर्भ-मराठवाड्यात मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हा धोका मोठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं "दामिनी" ॲप फोनमध्ये असू द्या. गडगडाट सुरू झाला की पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. तेवढा वेळ चौक आपोआप चालेल, थोडी कोंडी होईल, होऊ द्या.

वारा सुटला की होर्डिंगखालची आणि जुन्या गुलमोहराखालची जागा सोडा. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता.

बदली, आवराआवर आणि पाय

तासाभरानं माणूस बदला. भिजलेला माणूस गारठतो, त्याचा हात आपोआप खाली येतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. बदली आलेल्याला जागा देताना एक मिनिट दोघांनी एकत्र उभं राहा: कुठं घसरतंय, कुठल्या बाजूनं गाड्या जोरात येतात, पळायची वाट कोणती. महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी कोरडे कपडे आणि गरम चहा हा चैनीचा भाग समजू नका.

काम संपलं की कोन मांडले त्याच्या उलट क्रमानं उचला. शेवटी मांडलेला आधी, पहिला सगळ्यात शेवटी, आणि पूर्ण वेळ तोंड गाड्यांकडे. बहुतेक लोक उलटं करतात: आधी लांबचा कोन काढतात आणि मग उरलेल्यांच्या मध्ये बेसावध वाकलेले असतात.

साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर घरी गेल्याबरोबर पाय साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि पायावरच्या बारीक जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. उतरावं लागलंच तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात भेटा. प्रतिबंधक गोळी कुणाला द्यायची हे तेच ठरवतील, मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आधी सांगा.

जाकीट घरी नेऊन ब्रशनं घासू नका, इस्त्री तर नकोच. साध्या पाण्यात चिखल काढून सावलीत वाळवा. वाळल्यावर अंधाऱ्या खोलीत ते दारावर अडकवा, दहा पावलं लांब जाऊन मोबाईलचा टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून त्यावर मारा. पट्टी लख्ख पेटली तर ठीक, राखाडी दिसली तर नवीन घ्या.